सत्तरीतलं मेटल आणि ‘नाही’ म्हणणारा माणूस

जुन्या हेवी मेटल बँडचा नवा अल्बम आला की परीक्षणांतलं एक वाक्य ठरलेलं असतं: गेल्या पंचवीस वर्षांतला हा त्यांचा सर्वोत्तम अल्बम. चार-पाच वर्षांनी पुढचा येतो, त्यालाही हेच बिरुद मिळतं, आणि आधीच्या ‘सर्वोत्तम’चं नाव तोवर कुणाच्या तोंडी राहिलेलं नसतं. कॉन्सर्टमध्ये त्यातलं गाणं सुरू झालं की मागचे लोक बिअरच्या रांगेकडे वळतात. स्टेजवरच्या माणसाला ते दिसत नसेल असं नाही. तरी साठी-सत्तरी ओलांडलेली ही मंडळी पुन्हा स्टुडिओत जातात, नवी दहा-बारा गाणी बांधतात. कशासाठी? आणि त्यातले मोजके अल्बम खरोखर चांगले निघतात, बाकीचे फक्त निघतात, हे कशावर ठरतं?

पैशासाठी म्हणावं, तर हिशेब जुळत नाही. या बँडांची कमाई आज दौऱ्यांवर, टी-शर्टवर आणि जुन्या गाण्यांवर चालते. मेटॅलिकाचं ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे 1986 सालचं गाणं ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेत वाजलं आणि 2022 मध्ये अमेरिकेच्या ‘हॉट 100’ यादीत पहिल्यांदा चढलं. छत्तीस वर्षांचं जुनं गाणं असं कमावून देत असेल तर नव्याची यातायात कोण करेल? किस या बँडनं ती केलीच नाही. त्यांचा शेवटचा अल्बम 2012 चा, आणि दौरे 2023 च्या डिसेंबरपर्यंत चालू होते. प्रेक्षकांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. आयर्न मेडननं पन्नाशीच्या निमित्तानं 2025 मध्ये काढलेल्या दौऱ्यात गाणी निवडली ती फक्त पहिल्या नऊ अल्बममधली, म्हणजे 1992 पर्यंतची. त्यानंतर त्यांनी आठ अल्बम केले आहेत.

म्हणजे नवा अल्बम हा धंद्याच्या दृष्टीनं अडचणीचाच मामला. तो काढण्यामागे मला तरी एकच कारण दिसतं: स्वतःच्याच गाण्यांचा ऑर्केस्ट्रा होऊन बसण्याची लाज. याच मेडननं 2006 मध्ये ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ काढला आणि दौऱ्यात तो अख्खा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवला. जुनी गाणी ऐकायला आलेल्यांनी कुरकुर केली, पण बँड हटला नाही. भारतात ते पहिल्यांदा आले ते याच दौऱ्यात, मार्च 2007 मध्ये, बंगळुरूला. पुढच्याच वर्षी 1 फेब्रुवारीला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर त्यांचा नवा जागतिक दौरा सुरू झाला. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग 757 चालवत होता, आणि त्या दौऱ्याचा सगळा भर ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांवर होता. मुंबईच्या रंगभवनात आय-रॉक महोत्सवाला स्थानिक बँडांकडून मेडन ऐकत वाढलेल्या पिढीला हवं होतं तेच मिळालं. त्या रात्री कुणाला नव्या अल्बमची आठवण आली असेल असं वाटत नाही.

दुसरा प्रश्न अधिक रंजक आहे, आणि त्याची सुरुवात शरीरापासून करावी लागते. मेटलचा जन्मच एका जायबंदी हातातून झाला. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात 1965 साली टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रानं उडवली. तो त्याचा कामाचा शेवटचा दिवस होता. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या, आणि पुढे त्या तारा सैल करून सूर खाली उतरवला. सैल तारा दाबायला सोप्या पडतात. त्यातून जो जड, गडद आवाज निघाला त्यावर ब्लॅक सॅबथ आणि सगळं हेवी मेटल उभं राहिलं. क्षयानं एक फुप्फुस निकामी झाल्यावर कुमार गंधर्वांनी छोट्या छोट्या आवर्तनांत गाणं बसवलं, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. शरीर जिथे अडतं तिथे शैली निघू शकते. पण म्हातारपणी हेच घडायचं तर अडलेलं आहे हे आधी मान्य करावं लागतं, आणि चाळीस वर्षं लोकांनी देव मानलेल्या माणसाला ते मान्य करायला लावणारं कुणीतरी खोलीत असावं लागतं.

ज्यूडस प्रीस्टची गोष्ट इथे सविस्तर सांगण्यासारखी आहे. पहिला अल्बम 1974 चा, एकोणिसावा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ 8 मार्च 2024 चा. मध्ये पन्नास वर्षं. गायक रॉब हॅलफर्ड 1992 मध्ये बाहेर पडला, 2003 मध्ये परतला. परतल्यानंतरचा दुसराच अल्बम म्हणजे 2008 चा ‘नॉस्ट्राडेमस’. फ्रेंच भविष्यवेत्त्यावरचा हा दुहेरी अल्बम पावणेदोन तास चालतो. सिंथेसायझरचे ढग, नाटकी निवेदनं, मध्येच पियानो. निर्माते कोण? ग्लेन टिप्टन आणि के. के. डाउनिंग हे बँडचेच दोन गिटारवादक, म्हणजे ज्यांनी हॅलफर्डबरोबर गाणी लिहिली तेच. यातली चाळीस मिनिटं काढून टाका, असं सांगणारं तिथे कुणी नव्हतं. ती काढली असती तर ‘नॉस्ट्राडेमस’ आज आवडीनं ऐकला गेला असता असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण आत चांगली गाणी आहेत. ती शोधावी लागतात.

त्यानंतर बँडनं निरोपाचा दौरा जाहीर केला. दौऱ्याच्या तोंडावर डाउनिंग सोडून गेला आणि 2011 मध्ये त्याच्या जागी रिची फॉकनर आला. हा जन्मला 1980 साली; तोवर प्रीस्टचे अर्धा डझन अल्बम येऊन गेले होते. निरोपासाठी घेतलेल्या या पोरानं बँडचा निरोपच पुढे ढकलला. 2014 च्या ‘रिडीमर ऑफ सोल्स’मध्ये त्याचा उत्साह ऐकू येतो, पण ध्वनिमुद्रण इतकं पातळ आणि गढूळ की ड्रम पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजल्यासारखे वाटतात. त्याच्या निर्मितीतही टिप्टन होताच.

मग 2018 चा ‘फायरपॉवर’. या वेळी दोन निर्माते बोलावले: 1979 ते 1988 या भरभराटीच्या काळात ज्यानं प्रीस्टचे अल्बम केले तो टॉम अ‍ॅलम, आणि त्याच्याहून एका पिढीनं धाकटा अँडी स्नीप, जो स्वतः थ्रॅश बँडमध्ये गिटार वाजवत मोठा झाला. एकाला प्रीस्ट काय होतं ते माहीत, दुसऱ्याला आजचा श्रोता कानात काय घालतो ते. फरक पहिल्या मिनिटात कळतो. गाणी चार-साडेचार मिनिटांची. हॅलफर्ड बराच काळ मधल्या पट्टीत गातो, तिथे त्याचा आवाज अजून भरदार आहे. ती प्रसिद्ध किंकाळी तो राखून ठेवतो आणि जिथे लागेल तिथेच काढतो. जुन्या ‘पेनकिलर’ अल्बमच्या वेळी तो सतत वरच असायचा, कारण तेव्हा त्याला ते जमत होतं. ‘फायरपॉवर’ इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे पाचव्या क्रमांकावर पोचला.

त्याच वर्षी टिप्टननं आपल्याला पार्किन्सन्स असल्याचं जाहीर केलं. दौऱ्यावर त्याच्या जागी स्नीप उभा राहिला, आणि टिप्टन जमेल तिथे शेवटच्या काही गाण्यांपुरता स्टेजवर येऊ लागला. जानेवारी 2022 मध्ये बँडनं घोषणा केली की यापुढे स्नीप नको, स्टेजवर एकच गिटार. प्रीस्टसारख्या बँडनं हे म्हणावं! जोडगिटार ही ज्यांनी मेटलला दिलेली देणगी, त्यांनीच एक गिटार काढून टाकायची? चाहते इतके खवळले की आठवड्याभरात निर्णय फिरवावा लागला. त्याआधी सप्टेंबर 2021 मध्ये लुईव्हिलच्या महोत्सवात फॉकनरची महाधमनी भर स्टेजवर फाटली होती, तेही ‘पेनकिलर’ वाजवत असताना. त्यानं गाणं पूर्ण केलं, मग तातडीची शस्त्रक्रिया झाली.

इतकं सगळं सोसून केलेला ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ दयेपोटी चांगला म्हणावा लागेल अशी भीती होती. तशी वेळ येत नाही. पहिलं गाणं ‘पॅनिक अटॅक’ गिटार-सिंथच्या चकाकत्या सुरावटीनं उघडतं. ज्यांनी 1986 चा ‘टर्बो’ ऐकलाय ते लगेच हसतील, कारण ज्या आवाजासाठी तेव्हा शिव्या खाल्ल्या तोच आवाज बँड मुद्दाम दारात आणून ठेवतो, आणि अर्ध्या मिनिटात त्यावर ड्रम कोसळतात. ‘क्राउन ऑफ हॉर्न्स’ हे संथ गाणं तर हॅलफर्डनं विशीत गायलं असतं तर वाया गेलं असतं. त्याला हा थोडा खरखरलेला गळाच हवा. अकरा गाणी, साधारण 52 मिनिटं. दोन गाणी भरतीची आहेत. इंग्लंडच्या यादीत अल्बम दुसऱ्या क्रमांकावर गेला, जिथे प्रीस्ट त्याआधी कधीच पोचले नव्हते. हॅलफर्ड तेव्हा 72 वर्षांचा होता.

आता आयर्न मेडन. 1999 मध्ये डिकिन्सन आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ परतले, आणि 2000 च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’पासून 2021 च्या ‘सेन्जुत्सू’पर्यंतचे सहाही अल्बम केव्हिन शर्ली या एकाच निर्मात्यानं केले, सोबत सहनिर्माता म्हणून बासवादक आणि मालक-संस्थापक स्टीव्ह हॅरिस. शर्ली गुणी माणूस आहे. बँड एकत्र वाजत असतानाचा जिवंतपणा तो छान पकडतो. पण हॅरिसला तो अडवत नाही. अल्बमची लांबीच बघा. ‘द बुक ऑफ सोल्स’ 92 मिनिटं, ‘सेन्जुत्सू’ 82 मिनिटं. ‘सेन्जुत्सू’च्या शेवटी एकट्या हॅरिसनं लिहिलेली तीन गाणी ओळीनं येतात, तिन्ही मिळून 34 मिनिटं. 1982 चा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ हा संपूर्ण अल्बम साधारण 40 मिनिटांचा होता.

या तिन्ही गाण्यांची बांधणीही एकच: बासवर हळुवार सुरुवात, मग तीच चाल गिटारवर, मग गायकानं गिटारच्याच चालीवर शब्द बसवून गायचं, मग वेग, मग दोन-तीन सोलो, आणि शेवटी पुन्हा बासवर हळुवार. त्यातलं ‘हेल ऑन अर्थ’ सुंदर आहे, यात वाद नाही. पण त्याच्या आधीच्या ‘द पार्चमेंट’ची साडेबारा मिनिटं ऐकून कान इतके शिणलेले असतात की त्या सौंदर्याला न्याय मिळत नाही. उलट, स्मिथ आणि डिकिन्सननं लिहिलेलं ‘द रायटिंग ऑन द वॉल’ सहा मिनिटांत गावरान अमेरिकी गिटारची एक चटपटीत गोष्ट सांगून मोकळं होतं.

पूर्वी हे ‘नाही’ म्हणायचं काम तबकडी करत असे. एल.पी.च्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त संगीत भरलं की खाचा अरुंद कराव्या लागतात, आवाज आणि खर्ज दोन्ही कमी होतात. मेटलला ते परवडणारं नव्हतं. त्यामुळे चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत बसवायचं, आठ-नऊ गाणी निवडायची, बाकीची फेकायची किंवा सिंगलच्या मागच्या बाजूला टाकायची. सीडी आली आणि मर्यादा सत्तरीच्या पलीकडे गेली. स्ट्रीमिंगनं ती काढूनच टाकली. ऐंशीच्या दशकातले अल्बम घट्ट वाटतात त्याचं निम्मं श्रेय तरुणपणाला आणि निम्मं त्या प्लॅस्टिकच्या चकतीला द्यायला हवं. आता व्हिनाइल परत फॅशनमध्ये आलं, पण दोन-दोन, तीन-तीन तबकड्यांच्या महागड्या संचांत, म्हणजे शिस्त सोडून बाकी सगळं परत आलं.

मेटॅलिकाला तर व्हिनाइल इतकं हवं होतं की 2023 मध्ये त्यांनी तबकड्या छापणाऱ्या कारखान्यातला मोठा वाटाच विकत घेतला. त्याच वर्षीच्या ‘72 सीझन्स’लाही दोन तबकड्या लागल्या: बारा गाणी, 77 मिनिटं. 72 ऋतू म्हणजे आयुष्याची पहिली अठरा वर्षं. साठीला टेकलेला जेम्स हेटफील्ड, 2019 मध्ये पुन्हा व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आलेला, बालपणात काय मोडलं त्याचा हिशेब मांडतो. विषय खरा आहे आणि या वयातच सुचणारा आहे. गाणी मात्र प्रत्येकी दीड मिनिटानं लांब. एक रिफ चार वेळा वाजवून पुरतो तिथे आठ वेळा येतो. माझ्या म्हणण्याला छेद देणारी गोष्ट अशी की अल्बममधलं सर्वात चांगलं गाणं ‘इनॅमोराटा’ हेच सर्वात लांब आहे, अकरा मिनिटांचं, बँडच्या साऱ्या कारकिर्दीत सर्वात लांब. पण ते लांब असण्याला कारण आहे: मध्ये बास एकटा उरतो, गाणं श्वास घेतं, मग पुन्हा चढतं. बाकीची केवळ कुणी थांबवलं नाही म्हणून लांब आहेत.

नकार देणारा कुणी तरी हवा म्हणताना चुकीचा नकारही असतो हे सांगायला पाहिजे. निर्माता रिक रुबिनची ख्याती अशी की तो बँडना त्यांच्या तरुणपणाकडे परत नेतो. 2008 मध्ये मेटॅलिकाला त्यानं ‘मास्टर ऑफ पपेट्स’च्या काळात जायला सांगितलं, निघाला ‘डेथ मॅग्नेटिक’. रिफ खणखणीत, पण ध्वनी दाबून-दाबून इतका वर चढवला की हळू आणि मोठ्याने यातला फरकच उरला नाही, ड्रमच्या जागी चरचर ऐकू येते. ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेमसाठी दिलेली तीच गाणी एवढी दाबलेली नव्हती. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकली आणि गेममधला अल्बम दुकानातल्या अल्बमपेक्षा चांगला ठरला. अशी फजिती दुसऱ्या कुणाची झाली नसेल.

2013 मध्ये आलेल्या अल्बमसाठी रुबिननं ब्लॅक सॅबथला त्यांचाच 1970 चा पहिला अल्बम ऐकवला आणि म्हणाला, तिथे परत जा. आयोमी तेव्हा लिम्फोमावर उपचार घेत होता. मूळ ड्रमर बिल वॉर्ड कराराच्या वादातून बाहेर राहिला, त्याच्या जागी रेज अगेन्स्ट द मशीनचा ब्रॅड विल्क आला. ‘13’ हा अल्बम इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, ‘पॅरानॉइड’नंतर जवळपास 43 वर्षांनी, अमेरिकेत तर सॅबथ आयुष्यात पहिल्यांदा अव्वल ठरले. आयोमीचे रिफ ऐकताना अंगावर काटा येतो, उपचारांच्या मधल्या दिवसांत हे सुचलं हे आठवून तर जास्तच. पण अल्बम स्वतःचीच नक्कल करत राहतो: हे गाणं त्या जुन्या गाण्यासारखं, ते त्यासारखं, आणि शेवटी पाऊस आणि घंटाही पहिल्या अल्बममधलीच. शिवाय वॉर्ड जॅझ ऐकत वाढलेला ड्रमर. त्याच्या हातात एक झोका होता, त्यामुळे सॅबथचं वजन डुलत चालायचं. विल्क ठोके बरोबर मारतो, झोका नाही. 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर मूळ चौघं शेवटचे एकत्र आले, मूळ गायक ऑझी सिंहासनावर बसून गायला, ड्रमवर वॉर्ड. चार गाणी झाली, चारही 1970 सालची. ‘13’ मधलं एकही नाही. सतरा दिवसांनी ऑझी गेला.

मूळ आवाज गेला तरी बँड उभा राहू शकतो, याचं उदाहरण जर्मनीच्या झोलिंगेनचा अ‍ॅक्सेप्ट. चौदा वर्षांच्या खंडानंतर 2010 मध्ये मार्क टॉर्निलो हा नवा गायक घेऊन त्यांनी ‘ब्लड ऑफ द नेशन्स’ केला, आणि तो त्यांच्या ऐंशीच्या दशकातल्या कामाशेजारी निःशंक ठेवावा असा झाला. निर्माता पुन्हा स्नीप. सॅक्सनचे अलीकडचे अल्बमही त्याच्याच हातचे. इथेच त्याच्याविषयीची माझी तक्रार: या सगळ्यांचे ड्रम आता एकसारखे वाजतात. नेमके, चकचकीत, जणू एकाच कारखान्यातून आलेले. बँडना वाचवणारा डॉक्टर सगळ्यांना एकच औषध देतो. वाचतात हे खरं.

शेवटच्या अल्बमांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण शेवटचा कुठला हे बहुधा बँडला माहीत नसतं. मोटरहेडचा ‘बॅड मॅजिक’ ऑगस्ट 2015 मध्ये आला, डिसेंबरात बँडचा गायक लेमी गेला. अल्बममध्ये निरोपाचा मागमूस नाही, नेहमीसारखा वेगवान आणि नेहमीसारखा उद्धट. गायक रॉनी जेम्स डिओनं आयोमीबरोबर 2009 मध्ये केलेला ‘द डेव्हिल यू नो’ही तसाच, आणि तो ‘13’ पेक्षा कितीतरी सरस आहे, हे सॅबथच्या भक्तांना आवडलं नाही तरी सांगायला हवं. स्लेयरनं 2019 मध्ये शेवटचा शो केला आणि 2024 मध्ये परत आले. मेगाडेथच्या डेव्ह मस्टेननं मात्र आधीच सांगून, जानेवारी 2026 मध्ये शेवटचा अल्बम काढला. गळ्याच्या कर्करोगातून उठलेला आणि हातानं त्रस्त झालेला हा माणूस त्यात ‘राइड द लाइटनिंग’ वाजवतो, 1983 मध्ये ज्या बँडनं हाकललं त्या मेटॅलिकाचं, ज्याच्या रचनेत त्याचाही वाटा होता. चार दशकं जपलेलं भांडण असं गाण्यानं मिटवणं मला आवडलं.

नव्यानं ऐकायला बसणाऱ्यानं ‘फायरपॉवर’पासून सुरुवात करावी, मग ‘द डेव्हिल यू नो’, मग ‘ब्लड ऑफ द नेशन्स’. ‘सेन्जुत्सू’ एका बैठकीत ऐकू नये. पहिली तीन गाणी आणि ‘हेल ऑन अर्थ’ वेगळी काढावीत, म्हणजे निम्म्याहून कमी वेळात चांगला अल्बम हाती लागतो. ‘72 सीझन्स’मधून ‘इनॅमोराटा’ घ्यावं आणि बाकीचं सवडीनं. ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ला मात्र कात्री लावायची फारशी गरज नाही. ती स्टुडिओतच लावून झाली आहे.